दाजींच्या फ्रेमा

दाजी कुणाच्याही घरी गेले की आधी दार पुढेमागे हलवून बघत. दार कुरकुरलं की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरे. मग खिशातून लांब नाकाची तेलाची कुपी निघे, बिजागरीत दोन थेंब पडत, दार पुन्हा हलवलं जाई, आणि ते मुकाट झालं की मगच दाजी "काय म्हणतास?" असं विचारून बसत. घरात कुणी आजारी असो, कुणाचं लग्न ठरलेलं असो की कुणी नुकतंच गेलेलं असो, क्रम हाच. माझी त्यांची पहिली भेट अशीच झाली. लग्न होऊन मी तारकर्लीला आले, त्याच आठवड्यात घरी सत्यनारायण होता. मी नव्या साडीत दारात उभी, आणि हा शेजारचा उंच, काटकुळा माणूस माझ्या डोक्यावरून हात नेऊन वरच्या बिजागरीत तेल सोडतोय! एक थेंब थेट पदरावर पडला. दाजी म्हणाले, "जातलो गो. साबण लाव." तो डाग अजून गेलेला नाही. ती साडी नेसवत नाही आणि टाकवतही नाही.

दाजी बोटीवर होते. आमच्या किनाऱ्यावर कुणी 'बोटीवर होते' म्हटलं की ऐकणाऱ्याला कप्तानाची टोपी दिसते; दाजी मात्र अगदी तळाला, इंजिनरूममध्ये ऑइलर होते. फिरणाऱ्या प्रत्येक भागाला वेळच्या वेळी तेल पाजायचं, हे त्यांचं जन्मभराचं काम. निवृत्त होऊन गावी आले तरी हात थांबेनात. आमच्याकडे खाऱ्या हवेनं खिडकीचा गजसुद्धा बघता बघता पोखरतो, त्यामुळे तेल सगळेच लावतात. पण दाजी छत्रीच्या काड्यांना लावत, विळीला लावत, पाहुण्यांच्या गाडीच्या दारांना न विचारता लावत. "लोखंडाक तेल आणि माणसाक जेवाण येळार गावला, की कोण कुरकुरणा नाय," असं त्यांचं म्हणणं. त्यावर त्यांची बायको, आमच्या काकी, आतून ओरडत, "मगे तुमी कित्याक कुरकुरतास? दोनय येळ गिळतास मां!"

माणूस असा गमतीचा, पण हट्टी. हट्टी म्हणजे किती? त्यांची एकुलती एक मुलगी अश्विनी. हुशार पोरगी, शिकून पुण्याला नोकरीला लागली आणि तिथं बरोबर काम करणाऱ्या एका मुलाशी तिनं लग्न ठरवलं. मुलगा आपल्या जातीचा नाही, भाषेचा नाही. वडलांना विचारलं नाही, सांगितलं. लग्नाला बोलावलं. दाजी गेले नाहीत, काकींनाही जाऊ दिलं नाही. वर देवळात जाऊन, नारळ ठेवून, ग्रामदेवतेसमोर बोलून आले की हिचा फोन घेणार नाही आणि हिला फोन करणार नाही. पुढे पोरगी नवऱ्याबरोबर जर्मनीला गेली. काकी चोरून तिच्याशी बोलत. चोरून म्हणजे काय, मोठ्यानं बोलत आणि दाजी ऐकत नसल्याचं सोंग करत. माझं डोकं फिरायचं. मी एकदा तोंडावर म्हटलं, "दाजी, देवीक काय पडलाहा ह्यांत? ती काय तुमचो फोन तपासता?" ते म्हणाले, "बाई, शब्द दिलंय. शब्द म्हणजे शब्द." आणि माझ्या सायकलीच्या साखळीला तेल घालू लागले.

तीन वर्षं असं चाललं. मग मायलेकींनी डोकं चालवलं. अश्विनीचा कॉलेजातला मोठा कॉम्प्युटर घरीच पडून होता, तिनं स्वतः भाग जमवून जोडलेला. लोकांना बंदुकीनं मारायच्या खेळांची तिला तेव्हापासून आवड. तिनं आईला सुचवलं आणि आईनं मला बोलावलं. मी मालवणच्या शाळेत मराठी शिकवते. पण एकदा निकालपत्रकं कॉम्प्युटरवर काढून दिली, तेव्हापासून सगळी तारकर्ली मला 'कॉम्प्युटरवाली बाई' समजते. अश्विनी फोनवरून सांगत गेली, मी बटणं दाबत गेले, आणि एक भलामोठा खेळ त्या यंत्रात उतरला. चार जणांची तुकडी, एक मोडकंतोडकं शहर, समोर शत्रू. कानाला हेडफोन, तोंडाशी माइक. तुकडीतले एकमेकांशी बोलत बोलत लढणार.

दाजींना खुर्चीवर बसवलं तेव्हा ते संशयानं म्हणाले, "ह्या फोन न्हय मां?"

"फोन खंय दिसता तुमका?" काकी म्हणाल्या. "खेळ आसा तो. देवीक तुमी खेळाचा काय बोललास?"

दाजींनी नीट विचार केला. देवीला खेळाचं खरंच काही बोलले नव्हते. त्यांनी हेडफोन चढवला. मग तिकडून काहीतरी ऐकू आलं असावं, कारण दाजी एकदम ताठ बसले आणि म्हणाले, "बघतंय. डावीकडेच बघतंय." बापलेकीचं तीन वर्षांतलं हे पहिलं बोलणं. मी आणि काकी दाराआड उभ्या राहून रडलो. दाजी तेवढ्यात मेले.

हीच खरी पंचाईत होती. त्या खेळाचा नियम असा, की माणूस मेला की त्याचा आवाज बंद. जिवंतांना मेलेल्याचं ऐकू जात नाही, मेलेल्याला जिवंतांचं. म्हणजे दाजी जेवढा वेळ तगतील तेवढाच वेळ लेकीशी बोलणं. अश्विनीला सवड रविवारी, आमच्या दुपारी. एक-दोन डाव व्हायचे आणि ती आठवड्याच्या साचलेल्या कामांना पळायची. दाजी डावाच्या सुरुवातीलाच मरत. "डावीकडे माणूस आसा", "खंय?", आणि खलास! मधे "जेवलंस काय गो?" एवढं विचारायलाही फुरसत मिळत नसे. आणि फोन तर करायचा नाही. पुढच्या रविवारपर्यंत दाजी अंगणात येरझाऱ्या घालत.

दाजींच्या घराला पर्यटकांसाठी दोन खोल्या होत्या. एका रविवारी कोल्हापूरचं एक कुटुंब जेवून आडवं झालं होतं, तर आतून आरोळी आली, "मागसून इले गो! दोघे आसत! माका मारल्यानी! मारल्यानी माका!" त्या कुटुंबातला पुरुष तसाच टॉवेलवर बाहेर धावला. काकी ओट्यावर सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलत बसल्या होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. म्हणाल्या, "घाबरू नकात. ते आयतवारी मरतत."

मला वाटलं, वयाचा परिणाम. दाजींना वाटलं, दैवाचा. अश्विनीनं मात्र आईकडून विचारून घेतलं की पडद्याच्या कोपऱ्यात आकडा किती दिसतो. आकडा होता पंधरा-वीसच्या आसपास. तिनं कपाळावर हात मारला. एका सेकंदात यंत्र किती चित्रं दाखवतं, त्याचा तो आकडा. त्या चित्रांना फ्रेम म्हणतात. साठ असल्या की माणूस चालताना दिसतो. पंधरा असल्या की तो आत्ता दारात असतो आणि लगेच तुमच्या पाठीशी. मधला सगळा प्रवास यंत्र गिळून टाकतं. दाजी शत्रूला गोळी घालत ती तो मघाशी जिथं होता तिथं.

"म्हणजे इंजिनाचे फेरे कमी पडतत," दाजींनी ओळखलं. त्या दिवसापासून त्यांना खेळाचं, शत्रूचं, बंदुकीचं काही उरलं नाही. उरला तो कोपऱ्यातला आकडा. सकाळी मी शाळेला निघाले की कुंपणापाशी उभे. "बाई, आज बावीस होते. काल अठरा. फ्रेमा वाडवूक होये."

वाढवायचं काम अर्थात माझ्यावर. अश्विनी उपाय सांगायची, मी करायची, दाजी प्रत्येकाला हरकत घ्यायचे. आधी मागे चालणारे कार्यक्रम बंद केले. खोल्यांच्या बुकिंगची पानं, हवामानाची पानं आणि कधीतरी उघडून ठेवलेलं भजन. काकी ते भजन रोज कुठून ऐकू येतं म्हणून देवाला हात जोडत होत्या. दोन फ्रेमा वाढल्या. मग अश्विनी म्हणाली, चित्राची शोभा कमी करा. मी गवत काढून टाकलं.

"गवत खंय गेला?" दाजी ओरडले. "मगे मी लपू खंय? सगळा मैदान करून ठेयलास!"

"दाजी, फ्रेमा तीन वाढल्या बघा."

"तीन फ्रेमांच्या आड माणूस लपता काय?"

मग सावल्या काढल्या. दाजींनी स्वतःचा सैनिक उन्हात उभा केला, खाली बघितलं आणि हेडफोनच काढून ठेवला. "ह्या बरा न्हय," म्हणाले. "सावली नाय म्हणजे कोण, ठावक आसा मां? मी जित्तो आसंय अजून." त्यांची समजूत काढायला काकींना यावं लागलं. त्यापुढे पाणी. त्या शहराला एक बंदर होतं. पाण्याची चमक कमी केल्यावर ते निळ्या ताडपत्रीसारखं पसरलं. अख्खा जन्म समुद्रात काढलेला माणूस ते बघून कळवळला. "ह्या पाणी? ह्या रॉकेल आसा. असल्या पाण्यात बोट बुडता." शेवटी चित्राची बारकाईच उतरवली, तेव्हा समोरचा शत्रू नाचणीच्या भाकरीएवढ्या ठोकळ्यांचा दिसू लागला. दाजींनी त्याला चांगलं निरखून बघितलं. "माणूस आसा की भोपळो?" त्यांनी विचारलं. त्याच भोपळ्यानं त्यांना मारलं.

आकडा चढायचा आणि जरा वेळानं पुन्हा खाली यायचा. खेळ सुरू झाला की तीस, आणि बोलणं रंगात आलं की पंधरा. मी वैतागले. एका रविवारी शेवटच्या डावात अश्विनी काहीतरी सांगू लागली होती, "बाबा, मी आजारी होतंय मागच्या महिन्यात", आणि चित्र गचके खाऊ लागलं, दाजी मेले. काय आजार, कसला आजार, काही कळेना. काकींना विचारायला तोंड नाही, कारण मग फोनवरची गोष्ट विचारल्यासारखं होईल. माणसानं किती छळून घ्यावं स्वतःला? दाजी माझ्याकडे आले, उंबऱ्यावर बसले, दार हलवून बघायचंही विसरले. म्हणाले, "बाई, कायव करा. पण माका जरा येळ जित्तो ठेवा."

तेव्हा मात्र माझा राग पळाला. पुढच्या सुट्टीला आम्ही दोघं कॉम्प्युटर घेऊन एसटीनं कणकवलीला गेलो. दाजींनी तो डबा पंचात गुंडाळून मांडीवर घेतला होता. कंडक्टर म्हणाला, ह्याचं सामानाचं तिकीट पडेल. दाजी म्हणाले, "मांडयेर बसलेल्या पोराचा तिकीट घेतास काय?" हायवेला लागेपर्यंत तो वाद चालला आणि पुढच्या बाकावरच्या बायकांनी दाजींच्या बाजूनं निकाल दिला.

कणकवलीच्या दुकानदारानं डबा उघडला, आत बोट घातलं आणि बोट नाकाशी नेलं. मग आम्हा दोघांकडे बघितलं. "ह्याच्यात बांगडे तळल्यात काय?"

"ग्रीस आसा," दाजी अभिमानानं म्हणाले. "बोटीवरचा. अस्सल."

"खंय खंय लावलात?"

"खंय नाय लावलंय ता इचारा."

पंख्याला लावलं होतं. खेळाचं चित्र काढणाऱ्या कार्डाच्या पट्टी न् पट्टीला लावलं होतं, बोटानं, आतपर्यंत. त्या चिकटपणावर तीन वर्षांची धूळ, वाळू आणि काथ्याचा भुसा बसून असा गालिचा झाला होता की त्यात पालीनं अंडी घातली होती. दुकानदारानं समजावून सांगितलं: त्या पट्ट्या उष्णता बाहेर टाकण्यासाठी असतात. त्यांच्यावर ही गोधडी चढली, उष्णता कोंडली, कार्ड तापलं, आणि जळून मरायला नको म्हणून ते आपणहून हळू चालू लागलं. दाजी जितकं मन लावून तेल देत होते, तितक्या फ्रेमा कमी होत होत्या.

मला आधी हसू फुटलं. दुकानदारही हसला. मग दाजींच्या तोंडाकडे बघितलं आणि दोघांचंही हसू विरलं. ते त्या डब्यात बघत होते. "चेडवाची वस्तू," ते म्हणाले. "असाच टाकून गेला. गंजली असती. म्हणान अवसेच्या अवसेक लावी होतंय." ज्या पोरीचा तीन वर्षं फोन घेतला नाही, तिच्या यंत्राला हा माणूस दर महिन्याला तेल लावत बसला होता! मला त्या क्षणी त्यांचा इतका लळा लागला आणि इतका संतापही आला, की मी नुसतीच दुकानाच्या बाहेर जाऊन उभी राहिले.

डबा स्वच्छ होऊन आला. गवत परत आलं, सावल्या आल्या, पाणी पाण्यासारखं हललं, आणि तरी कोपऱ्यात आकडा साठ. "साठ! बाई, साठ!" दाजी मला अंगणातून हाक मारत सुटले. पुढच्या रविवारी ते मरेनातच. इंजिनरूममध्ये जन्म गेलेला माणूस, त्यांना दबा धरून बसायचा कंटाळा नव्हता. एका पडक्या घराच्या माळ्यावर बाप आणि लेक बंदुका रोखून बसत आणि निवांत बोलत. तब्येत कशी, थंडी किती, तुझ्या घोवाला मासे चालतात की नाही. तुकडीतले उरलेले दोघे कुठल्याशा देशातले होते. त्यांना वाटे, हे काहीतरी गुप्त डावपेच आखतायत.

आणि अशाच एका डावात अश्विनीनं विचारलं, "बाबा, आमी गणपतीक येव काय?"

समोरून माणूस चालत आला, दारात थांबला, बंदूक उचलली. सगळं स्वच्छ दिसत होतं, साठच्या साठ फ्रेमा होत्या. दाजी नुसते बघत राहिले आणि मेले. पोरीला उत्तर मिळालंच नाही. तिला तिच्या कामांना लागायची वेळ झाली.

तो आठवडा आमच्या वाडीनं कसा काढला ते आम्हालाच माहीत. काकी भांडी तेवढी आपटत. मी कुंपणापाशी गाठून म्हटलं, "दाजी, एक फोन करा. देवीची मी माफी मागतंय." त्यांनी मान हलवली. "आयतवारी सांगतंय." रविवारी खेळ सुरू होताच, बंदूक हातात घ्यायच्या आधी ते माइकमध्ये म्हणाले, "चवथीक पाटल्या खोलयेत पाव्हणे घेवचंय नाय. तुमका लागतली ती." बस्स. याच्यावर काही नाही. तिकडे काय झालं ते कळलं नाही, पण दाजी हेडफोन कानावर दाबून खूप वेळ ऐकत होते.

दाजींना जाऊन आता वर्ष होत आलं. दुपारच्या झोपेतच गेले, कुणाला त्रास दिला नाही. त्यांची आठवण निघाली की लोक तेलाच्या कुपीच्या गोष्टी सांगतात आणि हसतात. मी पण सांगते. पण माझ्या डोळ्यांसमोर येते ती त्या चतुर्थीनंतरची ऋषिपंचमीची दुपार.

अश्विनी आणि जावई आले होते. जावई गुणाचा निघाला; मोदक खाऊन खाऊन त्यानं काकींना जिंकलं. पण बापलेकीचं काही केल्या जमेना. समोरासमोर आले की दाजी माडाकडे बघत, ती जमिनीकडे. "इलंस?" "इलंय." "प्रवास बरो झालो?" "झालो." संपलं! आरतीला शेजारी उभे, तरी मधे एक टाळ वाजवणारा काका. आठवडा असाच जाणार आणि ती परत जाणार, हे आम्हाला दिसत होतं. काकी माझ्याजवळ रडल्या. शेवटी अश्विनीनंच पडवीत आपला लॅपटॉप उघडला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाली, "बाबा, एक डाव?"

दाजी आत, ती पडवीत, आणि मधल्या स्वयंपाकघरात काकी आणि मी ऋषीची भाजी चिरत बसलेल्या. आमच्या एका कानाला बाप ऐकू येत होता, दुसऱ्याला लेक. एकाच घरातल्या दोन माणसांचं बोलणं मधल्या दारातून न जाता परदेशातल्या कुठल्याशा यंत्रावरून फिरून येत होतं. खेळ चांगला चालला होता. मग दाजी विव्हळले.

"पडलंय गो मी. कंबरेत लागली."

त्या खेळात पडलेला माणूस लगेच मरत नाही. सोबत्यानं वेळेत येऊन उचलला तर उठतो.

"खंय आसात?" पडवीतून.

"बावीच्या काठार, उघड्यार. येव नको. छपरार माणूस आसा."

"येतंय."

"येव नको म्हणतंय मां! तुका मारतलो तो."

"गप रवा बाबा. येतंय मी."

बटणांचा खडखडाट झाला. आणि मग दाजींचा आवाज आला, पण तो त्यांचा रोजचा आवाज नव्हता. "अश्विने," ते म्हणाले, "मी तुझ्या लग्नाक येवक होया होतंय गो. चुकलंय."

पडवीतला खडखडाट थांबला. काकींची विळी थांबली. अश्विनी उठली आणि आमच्या मधून, भाजीच्या ढिगाला वळसा घालून, हेडफोन गळ्यात तसाच लोंबत, आतल्या खोलीत गेली.

"गो, तू हंय कित्याक इलंस?" दाजी घाबरून ओरडले. "थंय मी एकटो पडलंय मां!"

"तुमकाच उचलूक इलंय," ती म्हणाली.

काकींनी पदरानं डोळे पुसले आणि माझ्यावर खेकसल्या, "आळू चिर गो, बघतंस काय?"